मुक्कामाची सुट्टी

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी होती. ओली वाळू लांबवर उघडी पडली होती आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा खेकड्यांच्या बिळांभोवती घुटमळत होता. जवळच जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांनी त्याला विचारलं, "आज तिथी खयची?" त्याला सांगता येईना. मी मोबाइलवर पाहून चतुर्थी असल्याचं सांगितलं. "म्हंजे चार. चाराची पाऊणपट किती?" तो बोटं मोजून म्हणाला, "तीन." आजोबा म्हणाले, "मगे तीनाक पाणी भरतला."

दुपारी अडीचलाच तो वाळूत काठी रोवून बसला. तीन वाजून गेल्यावर थोड्या वेळाने पाणी काठीच्याही वर येऊन थांबलं आणि मग हळूहळू मागे सरकू लागलं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे कोकणातल्या कोळ्यांचं साधं गणित. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्याच्यामागोमाग भरतीही उशिरा येते. शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून हे त्याला कळलं असतंच. पण त्या दिवशी ते त्याला पटलं.

ही गोष्ट आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवसाची आहे. आधीच्या बेतानुसार दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुढच्या गावी निघणार होतो. मुलाला थोडी कणकण होती म्हणून थांबलो. त्या थांबण्याने मला जे शिकवलं, ते या लेखात सांगायचं आहे. मुलांबरोबरच्या सुट्टीत ठिकाणं कमी आणि मुक्काम जास्त असावा. आपल्याकडे पूर्वी मे महिन्यात मुलं मामाच्या गावाला जात, तेव्हा रोज नवी जागा पाहायला मिळत नसे. तीच विहीर, तोच गोठा, तेच आंब्याचं झाड. तरी ती सुट्टी जन्मभर पुरली, कारण मुलं तिथे राहिली होती. आता बहुतेकांचं गाव सुटलं आहे, मामाही शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतो. मग निदान सुट्टीचे चार दिवस तरी मुलांना राहण्यासाठी एखादं गाव शोधून देणं आपल्या हातात आहे.

बेत आखण्याआधी

चार दिवसांची सुट्टी असेल तर एकच मुक्काम ठेवा. सहा-सात दिवस असतील तर दोन. दर दिवशी सामान बांधणं, खोली बदलणं, नव्या जागी झोप न लागणं यात मुलांचा अर्धा उत्साह संपतो आणि मोठ्यांचा संयम.

दिवसाचा साचाही ठरवून टाका. सकाळी लवकर एकच ठिकाण पाहायचं. दुपारी जेवून खोलीवर परत यायचं. लहानांनी झोपायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा पत्ते खेळायचे. संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवायची. ती किनाऱ्यावर, माळावर, गावच्या देवळाच्या आवारात जशी जाईल तशी जाऊ द्यायची. मुलांना खरं काही सापडतं ते बहुधा या मोकळ्या वेळेत.

वयाचा विचार प्रामाणिकपणे करा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला स्थळाशी देणंघेणं नसतं. त्याला आईबाबा, ओळखीचं जेवण आणि वेळेवर झोप हवी. त्याच्यासाठी प्रवास तीन-चार तासांपेक्षा लांब नको. चार ते सातच्या मुलांना पाणी, वाळू, प्राणी, आगगाडी आणि चढ-उतार आवडतात. इतिहास त्यांना अजून दूर असतो. आठ ते बाराचं वय प्रवासासाठी सर्वांत चांगलं. चालण्याची ताकद असते, प्रश्न असतात आणि आपल्यासोबत यायची इच्छाही असते. लेणी, किल्ले, जंगल यासाठी याच वयाची वाट पाहा. त्यापुढच्या मुलांना मात्र बेतातच सामील करून घ्या. एक पूर्ण दिवस त्यांच्या हाती सोपवा. कुठे जायचं, कसं जायचं, किती खर्च करायचा हे त्यांनी ठरवावं आणि घरच्यांनी मुकाट्याने मागून जावं.

आता काही मुक्काम सुचवते. हे सगळे महाराष्ट्रातले आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा हंगाम आहे.

वेळास : कासवांच्या पिल्लांसाठी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास हे छोटं गाव आहे. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते इतिहासात ठाऊक असलं, तरी आज मुलं तिथे जातात ती ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. हिवाळ्यात माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्रे खात किंवा माणसं काढून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. आता अंडी किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांमध्ये ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी, जी पिल्लं वर आली असतील ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. तळहातापेक्षा लहान जीव लाटेकडे सरपटत जातो, लाट त्याला परत फेकते, तो पुन्हा निघतो. आम्ही गेलो तेव्हा माझी धाकटी मुलगी पाच वर्षांची होती. एक पिल्लू पाण्यात दिसेनासं होईपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.

पिल्लं कधी बाहेर येतील हे कोणाच्या हातात नसतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा आणि निदान दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार वेळा संधी मिळते. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच असतो आणि घरचंच जेवण. शनिवार-रविवारी गर्दी होते, म्हणून आधी फोन करून जागा नक्की करा. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही, हे नियम मुलांना घरातूनच समजावून न्या. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून माद्या जास्त निघतात, ही एकच माहिती सांगितली तरी मोठी मुलं तासभर प्रश्न विचारतील.

मधल्या वेळेत बाणकोटचा किल्ला पाहता येतो. वेश्वीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्याही चढतात. खाडी ओलांडून हरिहरेश्वरला जाऊन यायला मुलांना फार मजा येते.

मालवण : किल्ला, जाळं आणि रंगलेले चेहरे

मालवणला गाडीपेक्षा रेल्वेने जावं. कोकण रेल्वेच्या दिवसा धावणाऱ्या गाडीने कुडाळला उतरून एसटीने किंवा रिक्षाने पुढे. खिडकीजवळ बसलेल्या मुलाला बोगदे मोजायचं काम द्या. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. तो किती मिनिटं चालतो ते घड्याळ लावून पाहायला सांगा. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल लागतो. तिथे खाली बघायला विसरू नका.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी एक सकाळ पुरते. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. समुद्रात गोडं पाणी कसं, हा प्रश्न मुलांनी विचारला की आत मुरलेल्या पावसाची गोष्ट सांगा. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, तटावरून दिसणारं मालवण, एवढं पुरे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा आहे. पावसाळ्यात इथल्या होड्या बंद असतात, तेव्हा जूनपासूनच्या सुट्टीचा बेत याच्याभोवती आखू नका. होडीत बसण्याआधी प्रत्येक मुलाला जॅकेट नीट बांधून घ्या. मुलाच्या मापाचं नसेल तर पुढच्या होडीची वाट पाहा.

बाकीचे दिवस राहण्यासाठी. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढतात. वीस-पंचवीस माणसं दोन्ही टोकांनी दोर ओढत मोठं जाळं काठाला आणतात. विनंती केली तर मुलांनाही दोराला हात लावू देतात. जाळं उघडल्यावर माशांची नावं विचारून वहीत लिहून घ्या. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव देवळासमोर दशावतार होतात. खेळ रात्री उशिरा असतो. म्हणून मुलांना दुपारी झोपवा आणि रात्री निदान पहिला भाग दाखवा. नटांना रंगताना पाहायला मिळालं तर ते मुलांना खेळाइतकंच आवडतं. एखाद्या दिवशी सावंतवाडीला जाऊन चितारआळीतली लाकडी खेळणी पाहा. परतताना मालवणी खाजा आणि खटखटे लाडू आठवणीने घ्या.

माथेरान आणि भिलार : मे महिन्याचे दोन सोपे मुक्काम

तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी माथेरानसारखं ठिकाण शोधून सापडणार नाही, कारण तिथे मोटारी नाहीत. सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. रस्त्यावर मूल हात सोडून धावलं तरी आईच्या काळजात धस्स होत नाही, हे सुख शहरातल्या पालकांना सांगायला नको. नेरळहून वर चढणारी छोटी गाडी 1907 पासून आहे. दोन फुटी रुळांवरून सुमारे एकवीस किलोमीटरचा वळणावळणाचा चढ ती दोन तासांहून अधिक वेळात चढते. तिची तिकिटं लवकर संपतात. मिळाली नाहीत तर दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून माथेरानपर्यंतच्या छोट्या फेरीचं तिकीट काढा; मुलांचं समाधान होतं. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, ही छोटी फेरी मात्र चालते. तांबडी माती कपड्यांतून लवकर निघत नाही, म्हणून जुने कपडे न्या. माकडांसमोर हातात खाऊ धरून चालू नका. खाऊ पिशवीत आणि पिशवी मोठ्यांच्या हातात.

पाचगणीजवळचं भिलार हे शांत मुलांसाठी आणि वाचणाऱ्या कुटुंबांसाठी. 4 मे 2017 रोजी राज्य सरकारने या स्ट्रॉबेरीच्या गावाला 'पुस्तकांचं गाव' केलं. गावातल्या घरांमध्ये आणि देवळांमध्ये विषयवार मराठी पुस्तकं मांडून ठेवली आहेत. बालसाहित्य एका ठिकाणी, कविता दुसऱ्या, इतिहास तिसऱ्या. पुस्तक उचलायचं, ओसरीवर बसायचं, वाचायचं. कोणी पैसे मागत नाही आणि कोणी उठवतही नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आणि मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलांना तर इथे अवश्य आणा. रोज एक घर निवडा आणि त्या घरात मुलाने एक पुस्तक स्वतः वाचावं व एक तुम्ही त्याला वाचून दाखवावं. स्ट्रॉबेरी पाहायची असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ गाठा.

वेरूळ-अजिंठा : आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी

इथे वार पाहिल्याशिवाय निघू नका. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. छत्रपती संभाजीनगरात तीन रात्रींचा मुक्काम करून एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा आणि एक दिवस देवगिरीचा किल्ला अशी विभागणी करा. वेरूळ तासाभराच्या अंतरावर आहे, अजिंठा शंभर किलोमीटरवर. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका.

वेरूळला चौतीस लेणी आहेत, म्हणून चौतीस पाहायची नाहीत. सोळावं कैलास लेणं पाहा आणि आणखी दोन. कैलासापुढे मुलांना उभं करून विचारा, "हे खालून वर बांधलं असेल की वरून खाली?" त्यांना विचार करू द्या. मग बाजूच्या डोंगरावरून कडेने दिसणारं दृश्य दाखवा आणि सांगा की आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे अख्खं मंदिर एकाच खडकात शिखरापासून खाली कोरत आणलं आहे. कळसाशी चूक झाली असती तर ती पुसायला दगडच शिल्लक नव्हता, हे ऐकून मुलं गप्प होतात.

अजिंठ्याला जाण्याआधी, आदल्या रात्री, दोन जातककथा सांगून ठेवा. सहा दातांच्या छद्दंत हत्तीची आणि सर्वस्व दान करणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची. दोन्ही सतराव्या लेण्यात चितारलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी अंधुक प्रकाशात मुलांनी त्या स्वतः शोधायच्या. गोष्ट ठाऊक असली की भिंत बोलू लागते. नसली तर ती फक्त जुनी भिंत असते. पायऱ्या खूप आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर डोलीची सोय आहे. शुद्ध पाणी आणि टोपी जवळ ठेवा. मार्चनंतर इथलं ऊन मुलांना झेपत नाही, तेव्हा दिवाळी किंवा डिसेंबरची सुट्टी यासाठी राखा.

देवगिरीच्या अंधारीतून, म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खडकात खोदलेल्या काळोख्या भुयारातून वर चढणं हा मुलांसाठी सगळ्या सहलीचा कळस ठरतो. टॉर्च न्या आणि लहानांचा हात सोडू नका.

जवळचं हवं असेल तर जुन्नर

मुंबई-पुणे-नाशिककरांना दोन दिवसच मिळत असतील तर जुन्नर पुरेसं आहे. शिवनेरी चढायला सोपा आहे. नाणेघाटात दगडाचा मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी त्यात घेत असत असं सांगतात. जवळच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना दाखवतात; विज्ञानात रस असलेल्या मुलाला त्या दिवशी नक्की न्या. हिवाळ्यात शेतावरच्या मुक्कामात हुरडा मिळतो.

दोन सावधगिरी मात्र हव्यात. या भागात उसामुळे बिबट्यांचा वावर आहे. दिवस मावळल्यावर मुलांना एकटं अंगणाबाहेर सोडू नका. आणि किल्ल्यावर आग्यामोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा.

जाणं-येणं आणि खर्च

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला आरक्षित डब्यात वेगळी बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, हवी असेल तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पूर्ण तिकीट काढलेलं बरं. कोणाचीच झोप होत नाही तेव्हा पहिला दिवस वाया जातो. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, मे महिन्याच्या गाड्यांसाठी ती तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

एसटीचा विचार कमी लोक करतात. तिथे पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, महिलांना 2023 पासून अर्धं, पासष्टपुढच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना काहीच नाही. आई, आजी, आजोबा आणि दोन मुलं असा जथा निघाला तर सगळ्यांचं मिळून अडीच माणसांचं भाडं होतं.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती. पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन बसू नका. धक्का बसला तर आईच्या हातांना ते मूल धरून ठेवता येत नाही, आणि समोरची एअरबॅग त्याच्यावरच उघडते. मुलांनी मागे बसावं, लहानांसाठी त्यांची वेगळी सीट असावी, मोठ्यांनी पट्टा लावावा. कायद्यानेही ते बंधनकारक आहे.

घाटात गाडी लागणाऱ्या मुलांसाठी काही गोष्टी उपयोगी पडतात. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामंही नको आणि तळलेल्या पदार्थांनी भरलेलंही नको. घाट लागला की पुस्तक आणि मोबाइल बंद. नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी उघडी. दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करा. औषध द्यायचं असेल तर मुलाच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या. आणि एक जाड पिशवी व ओला टॉवेल हाताशी ठेवा, म्हणजे मुलाला ओशाळं वाटत नाही.

डबा आणि औषधं

प्रवासात निम्म्याहून अधिक अडचणी पोटाच्या असतात. पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्या. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लाडू. आपल्या आज्यांनी हे पदार्थ प्रवासासाठीच घडवले आहेत, ते दिवसभर टिकतात. लहानांसाठी मेतकुटाची डबी न्या. गरम भात कुठेही मिळतो, त्यावर तूप-मेतकूट घातलं की परक्या गावातही मूल पोटभर जेवतं.

औषधांच्या डब्यात थर्मामीटर, तापाचं औषध, जलसंजीवनीची पाकिटं, जखमेसाठी मलम व पट्टी, डासांचं मलम आणि मुलाची नेहमीची औषधं ठेवा. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जलसंजीवनी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते पाहा. फळांच्या चवीची गोड पेयं हे जुलाबावरचं औषध नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजा.

कोकणात बूट घालण्याआधी झटकायची सवय मुलांना लावा. विंचू चावलाच तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे विंचूदंशावर परिणामकारक उपचार मिळाले आहेत. ते वेळेत मिळणं तेवढं आपल्या हातात असतं.

पाण्यापाशी

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचा. समुद्रात उतरण्याआधी स्थानिकांना विचारा, कुठे उतरायचं आणि केव्हा. ओहोटीच्या वेळी पाणी ओढतं, तेव्हा मुलांनी आत जायचं नाही. गुडघ्यापलीकडे नाही, लाटेकडे पाठ करून नाही, अंधार पडल्यावर नाही. चार मुलं पाण्यात असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवून काठावर उभं असावं, हातात मोबाइल न घेता.

पावसाळ्यात मुलांना घेऊन धबधब्याच्या पात्रात उतरूच नका. 2024 च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत मुलं होती. डोंगरात वर पाऊस झाला की खालचं पाणी काही क्षणांत वाढतं आणि मागे फिरायला वेळ मिळत नाही. पाऊस अनुभवायचाच असेल तर जुलैत मावळात किंवा कोकणात भातलावणी पाहायला जा. शेतकऱ्याच्या परवानगीने मुलांनी चिखलात उतरून दोन ओळी लावाव्यात. तो पाऊस त्यांच्या तळव्यांना आठवत राहील.

गर्दीच्या ठिकाणी मुलांच्या खिशात आई-बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. हरवलो तर आहे तिथेच थांबायचं, हे घरून शिकवून न्या. पोलीस, रुग्णवाहिका वगैरे मदतीसाठी 112, मुलांसाठी 1098 आणि रेल्वेत 139 हे क्रमांक मोठ्या मुलांना पाठ हवेत.

मुलांना कामं द्या

सुट्टी आपण मुलांना घडवत नेतो आणि ती सामानासारखी मागून येतात, तिथेच ती कंटाळतात. एकाने तिकिटं सांभाळावीत, एकाने रोजचा खर्च लिहावा, एकाने पाण्याच्या बाटल्या भराव्यात. प्रत्येकाला एक ठरावीक रक्कम द्या आणि ती कशावर खर्च झाली हे विचारू नका. प्रत्येकाकडे एक वही असावी. त्यात रोज एक चित्र किंवा चार ओळी आणि त्या दिवशी भेटलेल्या एका माणसाचं नाव. वेळासची काकू, रापणीवरचा तांडेल, भिलारच्या ओसरीवर पुस्तकं आवरणारी ताई. गाव म्हणजे ही माणसं, हे मुलांना अशाने कळतं.

घरी परतल्यावर फोटो कोणाला किती पाठवले याला महत्त्व नाही. परवा संध्याकाळी मी भाजी निवडत होते. मुलगा कालनिर्णयसमोर उभा राहून काही पुटपुटत होता. मग वळून म्हणाला, "आई, आज षष्ठी. साडेचारला मालवणात पाणी भरलं असेल." घड्याळात पाच वाजले होते. तो म्हणाला, "आता माझी काठी परत उघडी पडायला लागली असेल."